अक्षरे खाणारी भाषा

"सावकाश बोल, अक्षरे खाऊ नकोस," ही ताकीद ऐकल्यावाचून आपल्यापैकी कोण लहानाचा मोठा झाला आहे? अक्षरे खाणे हा आपल्याकडे अपराध. इंग्रजीत मात्र ती न खाणे हाच अपराध! 'बनाना' म्हणताना इंग्रज मधल्या 'ना'वर जोर देतो आणि दोन्ही टोकांना ओझरत्या 'अ'वर भागवतो. तो ओझरता 'अ' आपल्या तरी चांगल्या ओळखीचा, वर्णमालेतला पहिलाच. चेक लोकांच्या प्रमाण भाषेत तो नाही. ते प्रत्येक अक्षराला त्याचा पुरता वाटा देतात. आघात सदैव पहिल्या अक्षरावर. दीर्घ स्वर पुढे कोठेही असो. संगीतकार द्वोर्झाक यांचेच नाव पाहा. जोर 'द्वोर्'वर आणि लांबी 'झाक'मध्ये!

अशा भाषेतल्या माणसाने इंग्रजी कसे बोलावे, याची शास्त्रशुद्ध चिकित्सा प्रागमध्ये सुरू झाली ती विलेम माथेझिउस (१८८२–१९४५) यांच्या काळात. तेथील चेक विद्यापीठात १९१२ साली ते इंग्रजीचे पहिले प्राध्यापक झाले. आदल्याच वर्षी एका व्याख्यानात त्यांनी सांगितले होते की, एकाच समाजातल्या माणसांचे बोलणे दगडावर कोरल्यासारखे अचल नसते. ते ठरावीक मर्यादेत सतत झुलत असते. १९२० नंतरच्या काही वर्षांत त्यांची दृष्टी गेली. विद्यार्थ्यांकडून वाचून घ्यायचे आणि कानांनी पारखायचे, असा त्यांचा क्रम चालू राहिला. १९२६ मध्ये सुप्रसिद्ध 'प्राग भाषाविज्ञान मंडळ' स्थापन झाले ते त्यांच्याच पुढाकाराने.

१७ नोव्हेंबर १९३९ रोजी जर्मनांनी चेक विद्यापीठे बंद केली. प्रागमधला इंग्रजीचा वर्ग मिटला, आणि वर्ष उलटण्यापूर्वी दुसरा वर्ग भरला तो इंग्लंडातल्या विमानतळावर! पोलंड, फ्रान्स असा वळसा घेऊन पळून आलेल्या चेकोस्लोवाक वैमानिकांची ३१० क्रमांकाची तुकडी १० जुलै १९४० रोजी केंब्रिजजवळच्या डक्सफर्डला उभी राहिली. विमाने हरिकेन जातीची. नायक दोन. एक चेक, अलेक्झांडर हेस. दुसरा ब्रिटिश, डग्लस ब्लॅकवुड. (हे ब्लॅकवुड एडिंबरोच्या प्रख्यात प्रकाशक घराण्यातले, म्हणजे छापील इंग्रजीशी त्यांचा पिढीजात संबंध!) विमान चालवायला या तरुणांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. रेडिओवरचे इंग्रजी हुकूम मात्र शिकावे लागले, आणि तेही आठवड्यांच्या मुदतीत. २६ ऑगस्टला तुकडी पहिल्या झुंजीत उतरली.

हुकमांची भाषा मोठी मौजेची होती. 'बँडिट' म्हणजे शत्रूचे विमान, 'पॅनकेक' म्हणजे खाली उतरा, आणि 'एंजल्स' म्हणजे हजार फूट उंची. 'एंजल्स थर्टीन' म्हणजे तेरा हजार. आता गंमत पाहा. इंग्रज येथे जोर 'टीन'वर देतो. चेक जीभ सवयीने तो 'थर्'वर टाकते, आणि ऐकणाऱ्याला 'थर्टी' ऐकू येण्याची धास्ती. तेरा हजारांचे तीस हजार! शत्रू खाली आणि आपण वर ढगांत शोधतो आहोत, अशातला प्रकार. शिवाय 'थ' हा इंग्रजी उच्चार चेक भाषेत नाहीच. त्याच्या जागी 'स' नाही तर 'ट' येतो.

वर्गात सावकाश बोलताना हे सारे सांभाळता येते. जीभ कोठे लावायची याचा विचार करायला तेवढी उसंत असते. पण परक्या भाषेत घाई झाली की मातृभाषेची सवय जिभेचा ताबा घेते. चेक भाषेत शब्दाच्या शेवटचा 'ग' हा 'क' होतो. म्हणून घाईत 'बॅग'ची 'बॅक' होते. मग घाई नेहमी वाईटच का? तसे मुळीच नाही. स्वराने सुरू होणाऱ्या शब्दाआधी चेक माणूस घशात श्वास क्षणभर अडवतो. 'ॲन', मग बारीकसा खटका, मग 'ॲपल'. इंग्रज हे दोन शब्द एका धाग्यात ओवून 'अनॅपल' म्हणतो. वेग वाढला की तो खटका गळू लागतो आणि शब्द आपोआप जुळतात! म्हणजे ज्या घाईने 'थ' बिघडतो, तीच घाई हा एक दोष झाकते. त्यामुळे विद्यार्थ्याला सरसकट 'सावकाश बोल' म्हणणारा मास्तर माझ्या मते अर्धेच शिकवतो. इंग्रजीचा वेग सर्व अक्षरांवर सारखा नसतो. जोरकस अक्षरावर रेंगाळायचे आणि उरलेली भरभर उरकायची, ही तिची चाल.

युद्ध संपले तेव्हा माथेझिउस हयात नव्हते. एप्रिल १९४५ मध्येच ते गेले. वैमानिक मायदेशी परतले, पण फेब्रुवारी १९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि इंग्लंडात लढणे हाच गुन्हा ठरला. अनेकांची नोकरी गेली, कित्येकांनी तुरुंग भोगला. इकडे आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने रेडिओवर आकडे कसे उच्चारावेत याचे नियम घालून दिले. त्यांत तीनचा उच्चार 'थ्री' नव्हे, 'ट्री' असा आहे; आणि हजाराचा 'टाउझंड'.