गोधडीच्या पोटात

कात्री राहू द्या. गोधडी उसवायला कात्री घेतली की कापड फाटतं. ब्लेडचा अर्धा तुकडा घ्या, टाका वर उचला, तोडा आणि दोरा सावकाश ओढा.

भाद्रपद सरत आलाय. धाराशिव जिल्ह्यातल्या येडशीत घट बसायच्या आधीची धांदल आहे. ओढ्यावर सकाळपासून धोपटण्यांचा आवाज चाललाय. घरातली एकूण एक गोधडी, सतरंजी, दुपटं आज पाण्यातून निघायला हवं. ओली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. दोघी दोन टोकांना धरतात, एक उजवीकडे पिळते, एक डावीकडे. तिकडे तुळजापुरात भवानी मंचकी निद्रेला गेलीय, वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत. देवीच्या बिछान्याची इतकी काळजी घेणाऱ्या या मुलखात माणसांची अंथरुणं या दिवसांत मळकी राहतील कशी?

तुमच्या पुढ्यातली गोधडी धुताना मधोमध फाटली. टाकून देण्याचा विषयच नाही. वरचं फाटकं काढायचं आणि नवं चढवायचं. असं किती वेळा झालंय ते तिच्या जाडीवरून कळतंच.

“वरचं तेवढंच काढ माय,” आजी म्हणतात.

वरचं म्हणजे सिंथेटिक साडी, पाचसात वर्षांमागची. रंग अजून तसाच भडक, पण टाक्याटाक्याशी कापड चिरलेलं. ही साडी घाम पिऊन घेत नाही आणि रात्री अंगावरून घसरते. कितीही धुतली तरी मऊ पडत नाही. गोधडीला नव्या कापडाचं कौतुक नसतंच. शेकडो वेळा धुतलेलं सुती जुनेर तिला हवं असतं, ज्याचा पीळ मोडलाय, ज्यातून सुई अडखळत नाही. असे पाचसहा मऊ थर एकावर एक आले की मध्ये हवा कोंडते, आणि तीच ऊब. साडी सुटते. आजी आत वळतात, आणि तुम्ही सांगितल्यापेक्षा एक थर जास्त उसवता.

खाली सुती पातळ. त्यावर हात ठेवताच पायाखालची जमीन हलते.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बुडवून गाव नुकतंच आडवं झालेलं. तुम्ही उंबऱ्यावर आहात. उतरंडीतली गाडगी एकमेकांवर आपटतात, गोठ्यात बैल दाव्याला हिसके देतात. माणसं पोरं उचलून अंगणात येतात, आणि हातात काय घेतलंय ते त्यांना बाहेर आल्यावरच दिसतं. कुणाच्या हातात कंदील, कुणाच्या नुसती गोधडी. उजाडल्यावर बातमी येते: किल्लारी, सास्तूर, तिकडची गावंच्या गावं. हजारो माणसं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतर कितीतरी रात्री या जिल्ह्यातली माणसं पत्र्याखाली, रस्त्याकडेला, वावरात झोपली. माळवदाच्या घरात निजायची छातीच होईना. वरून पाऊस होता. ओल्या जमिनीवर एक गोधडी अंथरायची, दुसरी चौघांत पांघरायची. या थराला जागोजाग मातीचे डाग आहेत, ते धुऊनही गेलेले नाहीत.

आणखी खाली जा. इथे मात्र थांबावं लागेल, कारण पातळाखाली रंगांचा नुसता बाजार भरलाय.

त्रिकोण, चौकोन, काही तळव्याएवढे, काही दोन बोटांचे. खणाचा जांभळा, इरकलीच्या पदराचा लाल, परकराचा पोपटी, कुणाच्या तरी सदऱ्याच्या निळ्या रेघा. एकही तुकडा वीतभराहून मोठा नाही. एवढी रंगीत गोधडी कधी शिवली? सुकाळाच्या वर्षी, असं तुम्हाला वाटेल.

पण तुम्ही 1973च्या उन्हाळ्यात उभे आहात. बहात्तरच्या दुष्काळाचं हे शेवटचं टोक. पाऊस गेलेला, विहिरी तळाला, बालाघाटाचा डोंगर करपून काळपट झालेला. आज आठवड्याची सुट्टी आहे, म्हणून बाया घरी. बाकीचे दिवस त्या दुष्काळी कामावर खडी फोडतात. हाताला घट्टे, बोटांना चिंध्या बांधलेल्या. पोरांच्या वाटच्या सुकडीचं पुडकं कोनाड्यात आहे. सकाळी मिलो ज्वारीची भाकरी झालीय. ती लाल भाकरी कुणालाच आवडत नाही, पण पोट भरतं.

यंदा नवं लुगडं कुणी घेतलेलं नाही. जुनं एखादं अख्खं असतं तर वर चढवून मोकळ्या झाल्या असत्या. नऊवारीतून गोधडीच्या लांबीचे चार तुकडे सहज पडतात. पण यंदा सगळ्यांची लुगडी खांद्यावर आणि गुडघ्यावर विरलेली आहेत. पाटी वाहून खांदा जातो, उकिडवं बसून गुडघा. म्हणून विरलेलं कापून काढायचं आणि जिथे जीव आहे तेवढं कापड वेगळं करायचं. असे तुकडे जोडत गेलं की रंगांना अंतच राहत नाही. या भागातल्या किती गोधड्या मी उलटून पाहिल्या, त्यांत हेच दिसत आलं: घरात कापडाची ओढ जितकी जास्त, तितकी गोधडी रंगीत. सुबत्तेच्या वर्षांचे थर एकरंगी असतात.

“बसलाव का नुसतं? टोक धरा,” कुणीतरी म्हणतं. तुम्ही धरता.

सोप्यात आधी झाडून घेतलंय. सर्वांत खाली धोतराचं अस्तर पसरतात आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवतात. मग पोट भरायचं. मैद्याच्या पोत्याचं पांढरं कापड, सदऱ्याची पाठ, बंडीचे पाखे. आधी गुंड्या काढायच्या, शिवणी उसवून कापड सपाट करायचं, जाड दुमड कापून टाकायची. दुमड आत राहिली तर सुई मोडते आणि रात्री पाठीला टोचतेही. तुकड्याला तुकडा भिडला पाहिजे; एकावर एक चढला की गाठ होते, आणि फट राहिली तर तिथून थंडी शिरते. हे आतलं कुणालाच दिसणार नसतं. तरी त्यावर जेवढा वाद होतो तेवढा वरच्या रंगांवर होत नाही. घरातली थोरली सून मागे सरकून डोळे बारीक करून पाहते आणि एक तुकडा उचलून चार बोटं डावीकडे ठेवते.

“आत्याबाई, आता झालं?”

“हात फिरीव की. हाताला लागलं न्हाई म्हंजी झालं.”

मग रंगीत अंगाचा थर वरून पसरतात. कोपऱ्यातून कोपऱ्यात लांब लांब कच्चे टाके, नुसते थर हलू नयेत म्हणून. चारी कडा आत दुमडून काठ पक्का करतात. आणि मग चौघी चार बाजूंना बसतात, गोधडीवरच, म्हणजे अंगाच्या वजनानं कापड सरकत नाही. दुहेरी दोरा मेणावरून ओढलेला. धावदोरा बाहेरून आत जातो: काठालगत एक चौकट, तिच्या आत बोटभर अंतरावर दुसरी, मग तिसरी. सुई खुपसून एकदम चारपाच टाके तिच्यावर चढवायचे, मग दोरा ओढायचा. ओढ जास्त झाली तर कापड चुणतं, कमी झाली तर टाका लोंबतो आणि पायाच्या बोटात अडकून तुटतो. दर चौकटीबरोबर सगळा ढिलेपणा मध्याकडे सरकत जातो. डाव्या तळव्यानं तो दाबत, पसरत राहिलं नाही, तर शेवटी मधोमध फुगा येतो. शेवटच्या वीतभर चौकोनात कसब कळतं. गाठ कुठे दिसत नाही. दोरा दोन थरांच्या मधून चार बोटं पळवून तिथेच सोडतात.

कामाच्या जागेवर त्यांची नावं हजेरीपटावर आहेत, अंगठ्यांसह. गोधडीवर नाव घालायची रीत नाही. पण पुढे वीस वर्षांनीही कुणीतरी टाक्याची लांबी पाहून सांगेल, ही बाजू धाकटीची. अमेरिकेत अलाबामातल्या जीज बेंड या वस्तीतल्या काळ्या बायकांनी शेतकामाच्या फाटक्या कपड्यांतून अशीच पांघरुणं शिवली, थंडीसाठी. 2002 साली ती ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांत भिंतींवर लागली, शिवणाऱ्या बायकांच्या नावांसह. आपल्या बाजूला कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायकांची कवंदही आता बाहेर ओळखली जाते. येडशीच्या या चौघींना तशी भिंत मिळाली नाही. मिळायला हवी होती.

रंगीत थराखाली जाडाभरडा मांजरपाट लागतो. इथे फार वेळ थांबवणार नाही, मुक्काम करावा असा हा काळ नव्हे. 1948चा पावसाळा. कंट्रोलचे दिवस, कापड रेशनवर. येडशी निजामाच्या राज्यात, आणि घाट उतरून गेलं की पांगरी, बार्शी, तो मुलूख मुंबई प्रांताचा. अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे ही हद्द ओलांडते. 1911 साली ती लातूरपर्यंत पोचली आणि गिरणीचं कापड घेऊन आली. आता रझाकारांच्या भीतीनं हद्दीजवळच्या गावांतली माणसं रातोरात घरं सोडून बार्शीकडे निघालीत. तुम्ही रामलिंगाच्या दरीकडच्या झाडीत त्यांच्याबरोबर चालताय. भांडी मागे राहिली, दाणे पेवात राहिले. डोक्यावर गोधडीचं गाठोडं आहे, त्यात दोन भाकरी आणि मूल. सप्टेंबरच्या 13 तारखेला भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या, 17ला सगळं संपलं. गाठोडं परत आलं आणि पुढे कधीतरी दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेलं.

मांजरपाटाखाली काही नाही, नुसतं सूत हाताला लागतं. पण तेही धरून ठेवा. इथून पूर्वेला, तेरणेच्या काठी, तेर आहे. संत गोरोबाकाकांचं गाव, आणि त्याच्याही पुष्कळ आधीचं तगर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याच्या वाटाड्या पोथीत, ‘पेरिप्लस’मध्ये, तगराचं नाव आहे: पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथून भडोचच्या बंदराकडे गाड्यांतून जायचं ते जाडंभरडं कापड, पुष्कळ, आणि तलम मलमलही. क्षणभर त्या गाडीवानाशेजारी बसा. रात्र झालीय, बैल सोडलेत, आणि तो अंगावर काहीतरी ओढून झोपलाय. त्याचं पांघरूण कसं होतं हे त्या पोथीत नाही. तलम कापड समुद्रापार गेलं. जाडंभरडं विरल्यावर तुकड्याला तुकडा जोडणारं कुणीतरी तगरात असणारच, असं मला मनापासून वाटतं.

“आगं बया! सगळीच उसवली की!”

आजी दारात उभ्या. तुम्ही थरांच्या ढिगात बसलेले. त्या रागावतात, पण लगेच खाली बसून रंगीत थर मांडीवर घेतात आणि बोटानं एकेक तुकडा दाखवतात. हा माझा परकर. ही चुलत सासूची चोळी. हे कुणाचं ते आठवंना.

तुम्ही सुचवता, हाच थर वर ठेवू या, दिसू दे. त्या मान हलवतात. त्याच्यात जीव राहिलेला नाही. वर ठेवला तर दोन धुण्यांत जाईल. तो पोटातच पाहिजे, आत राहिला तर अजून तीस वर्षं काढील. दाखवायचं म्हणून गोधडी शिवली की ती पांघरायला घाबरतं माणूस, हे त्यांचं मत, आणि मला ते पटतं. शहरातल्या प्रदर्शनांत हल्ली गोधड्या चांगल्या विकल्या जातात, बचत गटांच्या हातात पैसा येतो, ते चांगलंच आहे. पण विकत घेऊन भिंतीला टांगणाऱ्यांनी तिचं पोट चाचपून पाहावं. चिंध्यांच्या जागी एकसंध फोमचा थर हाताला लागला, तर ती नुसती चादर आहे.

मग वरचं अंग कशाचं? आजी पेटीतून ढीग काढतात. नातीचा शाळेचा निळा गणवेश, सोलापुरी चादरीचा न विरलेला काठ, आजोबांचं पागोटं, फुलाफुलांचे दोन गाऊन. सिंथेटिक एका बाजूला काढून ठेवतात, पायपुसण्यासाठी. यंदा दुष्काळ नाही, अख्खी साडी चढवता आली असती. पण नातीनं तुकड्यांचीच मागितलीय, त्रिकोणांची, आणि ती स्वतः शेजारी बसून कापतेय. अंदाज येईना तेव्हा आजी तिला आधी कागदाचा त्रिकोण करून देतात.

तुमच्या वाट्याला दक्षिणेची बाजू येते. पहिली चौकट वाकडी जाते; आजी बघतात, काही बोलत नाहीत, फक्त स्वतःची दुसरी चौकट तुमच्याजवळ येताच किंचित वळवतात, म्हणजे तिसरी सरळ बसते. ऊन ओसरीवरून उतरतं. मधला चौकोन उरतो, तो त्या एकट्याच घेतात, कोपर टेकवून, फुगा येऊ न देता. लाल काठ राहिलाय. तो चारी बाजूंनी उलटून, कोपऱ्यावर तिरकी घडी घालून, दुहेरी टाक्यानं बसवायचा, कारण गोधडी पहिल्यांदा काठालाच फाटते.

काठ होतो. नात अंगावर ओढून बघायला धावते, आणि आजी उरलेले त्रिकोण गोळा करायला लागतात.

“ते कशाला?”

“थोरलीच्या लेकीला सातवा लागलाय. सुईत दोरा हाय अजून, आण हिकडं.”