जसानी विरुद्ध मोरेश्वर (1954)

भंडारा लोकसभा मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीवरून उभा राहिलेला खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल फेब्रुवारी 1954 मध्ये दिला. आजचा गोंदिया जिल्हा (स्थापना 1 मे 1999) तेव्हा भंडारा जिल्ह्यात होता, आणि भंडारा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यात. मतदारसंघ द्विसदस्यीय होता : एक जागा सर्वसाधारण, दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. मतदाराला दोन मते असत, पण दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत.

सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. तेंदूपत्त्याच्या या मुलखात बिडी हा मोठा धंदा. जसानी हे मूलजी सिक्का आणि कंपनी या बिडी उत्पादक पेढीचे भागीदार होते, आणि ही पेढी लष्करी कँटीनला बिड्या पुरवत होती. सरकारला माल पुरवण्याच्या करारात हितसंबंध असलेली व्यक्ती 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 7(ड) नुसार अपात्र ठरत असे. बचावाचा मुद्दा होता की करार राज्यघटनेच्या अनुच्छेद 299 मध्ये सांगितलेल्या स्वरूपात झालेलाच नव्हता. न्या. व्हिव्हियन बोस यांनी तो मान्य केला नाही : स्वरूपात उणीव असली तरी असा व्यवहार अपात्रतेच्या दृष्टीने शून्य ठरत नाही. माल पोचला तरी पैसे येणे बाकी असेतोवर करार जिवंतच राहतो, असेही न्यायालयाने ठरवले. नोव्हेंबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या निवडणुकीच्या काळात पेढीचे करार असे जिवंत होते.

खटल्याचा दुसरा भाग कायद्याच्या अभ्यासात अधिक टिकला, आणि तो अधिक मोलाचाही आहे. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी भरलेला अर्ज फेटाळला गेला होता. ते जन्माने महार, पण महानुभाव पंथात गेलेले. चक्रधरस्वामींचा हा पंथ जातिभेद मानत नाही. मग पंथ घेतल्यावर माणूस महार उरतो का? न्यायालयाने तीन गोष्टी पाहायला सांगितल्या : जुन्या समाजाची प्रतिक्रिया, त्या व्यक्तीचा स्वतःचा हेतू आणि नव्या पंथाचे नियम. ठवरे स्वतःला महार मानत होते, समाजानेही त्यांना बाहेर काढले नव्हते. म्हणून ते महारच राहिले आणि त्यांचा अर्ज फेटाळणे चूक ठरले. अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याच्या मेजावर माणसाची जात पुसली जाऊ शकत नाही, हे या निकालाने पक्के केले. ही कसोटी पुढे धर्मांतराच्या अनेक खटल्यांत वापरली गेली.

अर्ज चुकीने नाकारला गेल्यामुळे संपूर्ण निवडणूक रद्द झाली आणि मे 1954 मध्ये दोन्ही जागांसाठी पोटनिवडणूक झाली. राखीव जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांनी त्यांचा सुमारे 8 हजार मतांनी पराभव केला. सर्वसाधारण जागा प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी जिंकली. बाबासाहेबांच्या या पराभवाची आठवण भंडारा-गोंदियात आजही निघते, पण ही पोटनिवडणूक ज्या खटल्यामुळे झाली त्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. ते घेतले गेले पाहिजे.

अमेरिकेत सदस्यांच्या निवडणुकीच्या वादाचा निवाडा तेथील प्रतिनिधिगृह आणि सिनेट आपापल्या सदस्यांबाबत स्वतः करतात. भारताने हे काम न्यायाधिकरणांकडे दिले, 1966 पासून ते उच्च न्यायालयांकडे आहे. द्विसदस्यीय मतदारसंघ 1961 च्या कायद्याने संपले. 1966 मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या कलम 9अ च्या स्पष्टीकरणात उमेदवाराने आपली बाजू पूर्ण केली असेल आणि फक्त सरकारची बाकी असेल, तर करार चालू मानायचा नाही असे म्हटले आहे. म्हणजे बिडीच्या थकलेल्या पैशांवरून आज कोणाची खासदारकी जाणार नाही.