कॅनडातील वसाहत-जाहिराती

कॅनडाच्या पश्चिमेकडील गवताळ मैदानांत, म्हणजे आजच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान व अल्बर्टा प्रांतांत, शेतकरी कुटुंबे वसवण्यासाठी त्या देशाच्या सरकारने परदेशांत केलेला प्रचार. १८९६ ते १९१४ हा त्याचा भराचा काळ. जमीन जवळजवळ फुकट असूनही ती कसायला माणसे मिळत नव्हती, म्हणून हा प्रचार उभा राहिला.

पार्श्वभूमी : हडसन्स बे कंपनीकडील रूपर्ट्स लँड हा विस्तीर्ण मुलूख १८७० मध्ये कॅनडाकडे आला. १८७१ ते १८७७ या काळात क्री, ब्लॅकफूट इ. मूळ रहिवाशांशी सात करार होऊन त्यांच्यासाठी राखीव क्षेत्रे ठरवण्यात आली. या करारांनी जमिनीवरचा हक्क संपला की केवळ तिचा वापर वाटून घेतला गेला, याविषयी मतभेद आहेत. १८७२ च्या डोमिनियन लँड्स कायद्यान्वये १० डॉलर नोंदणीशुल्कात १६० एकरांचा तुकडा मिळे. त्यावर राहणे, घर बांधणे व काही जमीन नांगराखाली आणणे या अटी पुऱ्या केल्यावर मालकी मिळे. १८८५ मध्ये कॅनेडियन पॅसिफिक लोहमार्ग पूर्ण झाला. तरीही बहुतेक स्थलांतरित अमेरिकेतील मोफत जमिनींकडेच वळत. १८९६ मध्ये कॅनडात जेमतेम १७ हजार लोक आले.

यंत्रणा : त्याच वर्षी विल्फ्रिड लॉरिए यांच्या मंत्रिमंडळात क्लिफर्ड सिफ्टन (१८६१–१९२९) अंतर्गत व्यवहारमंत्री झाले व १९०५ पर्यंत त्या पदावर राहिले. शहरी कारागिरांपेक्षा पिढीजात शेतकरी हवेत, हे त्यांचे धोरण होते. मेंढीच्या कातड्याचा कोट घातलेला, धट्टाकट्टा, पोराबाळांसह आलेला शेतकरी हा त्यांचा आदर्श त्यांनी १९२२ मधील एका लेखातही मांडला. ब्रिटन, अमेरिका आणि मध्य व पूर्व युरोप ही प्रचाराची तीन क्षेत्रे होती.

साधने : विविध भाषांतील पुस्तिका, नकाशे व रंगीत भित्तिपत्रके लाखांच्या संख्येने छापून वाटण्यात आली. त्यांत ‘अखेरची उत्तम पश्चिम’ अशा अर्थाचे घोषवाक्य विशेष गाजले. अमेरिकेत जमिनी महागल्या आणि मोफत तुकडे संपत आले, याचा लाभ त्यात नेमका उठवला होता. अमेरिकेच्या ग्रामीण वृत्तपत्रांत नियमित जाहिराती येत. तेथील संपादकांना सरकारी खर्चाने पश्चिमेची सहल घडवली जाई आणि परतल्यावर ते लिहीत. कृषिप्रदर्शनांत गव्हाच्या ओंब्यांनी सजवलेले कक्ष असत. ब्रिटनमध्ये खेडोपाडी मॅजिक लँटर्नच्या चित्रांसह व्याख्याने होत. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकानिमित्त १९०२ मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल मार्गावर कॅनडाने धान्याने मढवलेली भव्य कमान उभारली व स्वतःला ब्रिटनचे धान्यकोठार म्हणून मिरवले.

मध्य युरोपातील अनेक सरकारांना आपली माणसे परदेशी जाणे मान्य नव्हते. त्यामुळे तेथे उघड प्रचार शक्य नव्हता. यासाठी १८९९ मध्ये जहाजवाहतूक-दलालांच्या नॉर्थ अटलांटिक ट्रेडिंग कंपनी या संघाशी गुप्त करार झाला. पाठवलेल्या शेतकरी कुटुंबांमागे दलालांना माणशी दलाली मिळे. संसदेत टीका झाल्यावर १९०६ मध्ये तो संपुष्टात आला. युक्रेनियन लोकांत मात्र कॅनडाची माहिती पसरवण्याचे मोठे श्रेय १८९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओसिप ओलेस्किव यांच्या पुस्तिकांना दिले जाते.

आशय : डोलणारे गव्हाचे पीक, पुष्ट जनावरे व नीटनेटके घर ही ठरलेली चित्रे. ‘थंड’ हा शब्द टाळून हवा उत्साहवर्धक असल्याचे लिहीत. मॅनिटोबातील हिवाळी तापमान परदेशांत छापले जाऊ नये असा सिफ्टन यांचा आग्रह होता, असे सांगतात. दक्षिणेकडील पट्टा शेतीस फार कोरडा आहे, हे जॉन पॅलिसर यांच्या १८५७–६० च्या पाहणीत नोंदले गेले होते, पण प्रचारात त्याला स्थान नव्हते. मूळ रहिवाशांचा उल्लेख क्वचितच येई आणि भूमी रिकामी असल्याचा समज त्यातून दृढ होई.

वगळलेले लोक : आमंत्रण सर्वांना नव्हते. चिनी स्थलांतरितांवरील डोईपट्टी १९०३ मध्ये ५०० डॉलर करण्यात आली. ओक्लाहोमातील कृष्णवर्णीय शेतकरी येऊ लागताच १९११ मध्ये त्यांना वर्षभर बंदी घालणारा आदेश निघाला. तो अमलात न येताच रद्द झाला. मायदेशातून अखंड प्रवास करून येण्याची १९०८ ची अट मुख्यतः भारतीयांना रोखण्यासाठी होती. तिच्याच आधारे १९१४ मध्ये ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ भारतीय प्रवाशांपैकी बहुतेकांना व्हँकूव्हरहून परत पाठवले. त्यांतील बरेच जण पंजाबी शेतकरी कुटुंबांतील होते.

स्त्रिया : कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीलाच, बहुधा विधवेला, मोफत जमिनीचा हक्क होता.

परिणाम व मूल्यमापन : १९०५ मध्ये सस्कॅचेवान व अल्बर्टा हे प्रांत निर्माण झाले. १९१३ मध्ये कॅनडात चार लाखांवर स्थलांतरित आले. या वाढीत जाहिरातींचा वाटा किती आणि वधारलेल्या धान्यभावांचा, रेल्वेचा व लवकर पिकणाऱ्या गव्हाच्या वाणांचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. नोंदवलेल्या तुकड्यांपैकी बरेच अटी पुऱ्या न झाल्याने सरकारजमा झाले. प्रचारातील मौनाची किंमत कोरड्या पट्ट्यातील कुटुंबांनी दुष्काळात मोजली आणि त्याहून मोठी किंमत मूळ रहिवाशांनी आपल्या भूमीने मोजली. ही बाजू सांगितल्याखेरीज या वसाहतीचा इतिहास पुरा होत नाही. १९३० मध्ये सार्वजनिक जमिनी प्रांतांकडे सोपवण्यात आल्या व केंद्र सरकारची मोफत जमीनवाटप योजना संपली.