निकोटीन आणि धूम्रपान न करणारे

निकोटीन हे तंबाखूच्या पानांतील अल्कलॉइड असून पोर्तुगालच्या दरबारातील फ्रान्सचा वकील झां निको याच्या नावावरून त्याचे नामकरण झाले. शुद्ध रूपात ते १८२८ मध्ये जर्मनीत पोसेल्ट व राइमान यांनी वेगळे केले. धूम्रपानामुळे होणाऱ्या कर्करोगाचा मुख्य ठपका निकोटीनवर नसून धुरातील इतर द्रव्यांवर आहे, ही गोष्ट खरी. परंतु तेवढ्यावरून, विडीला कधी न शिवलेल्या माणसाने ते बुद्धिवर्धक म्हणून खुशाल घ्यावे, असे जे अनुमान काढले जाते, त्यास आधार फार तुटपुंजा आहे.

मेंदूतील असिटिलकोलीनच्या ग्राहींना उद्दीपित करून निकोटीन डोपामीनचा स्राव वाढवते, आणि त्यामुळे अवधान काही काळ तीव्र होते. अमेरिकेत स्मृतिऱ्हासाच्या प्रारंभिक अवस्थेतील, धूम्रपान न करणाऱ्या ७४ व्यक्तींवर झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, सहा महिने त्वचेवरील पट्टीवाटे रोज १५ मिलिग्रॅमपर्यंत निकोटीन दिले असता अवधानात सुधारणा दिसली. रुग्णाच्या एकंदर स्थितीत मात्र निश्चित म्हणावा असा फरक आढळला नाही. कंपवातावर निकोटीनचा उपयोग होईल ही आशा तर १६२ रुग्णांवरील वर्षभराच्या चाचणीने मावळली. बृहदांत्राच्या व्रणयुक्त दाहात पट्टीचा काही उपयोग झाल्याचा दाखला आहे. हे सारे लाभ रुग्णांचे, तेही वैद्यांच्या देखरेखीखालचे, हे विसरता कामा नये. निरोगी माणसाच्या वाट्यास मळमळ, वाढलेली नाडी व रक्तदाब येतो, आणि पुढे तलफ. मेंदूची वाढ पुरी न झालेल्या कुमारवयात ती विशेष घट्ट जडते.

महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर धूर न ओढता निकोटीन घेणारी व्यक्ती कोणी हौशी प्रयोगकर्ती नव्हे. तव्यावर भाजून कुटलेल्या तंबाखूची मशेरी पहाटे दातांना लावणारी आणि ती लावल्यावाचून जिला कामाला हात घालवत नाही, अशी कष्टकरी स्त्री हे तिचे एक ठळक उदाहरण. दात स्वच्छ होतात या समजुतीने घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडून लेकीसुनांकडे आलेली ही सवय व्यसनात गणलीच जात नाही, हे तिचे सर्वांत मोठे अरिष्ट. मुंबईतील १२१७ गर्भवती स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, मशेरीसारखी धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले. तो दोष एकट्या निकोटीनचा म्हणता येणार नाही, कारण मशेरीत तंबाखूतील कर्करोगकारक द्रव्येही असतात. तथापि रोज पहाटे मशेरीच्या डब्याकडे हात जातो, तो निकोटीनच्या तलफेमुळेच.