डोके ठिकाणावर आहे काय?

सहामाहीचे पेपर तपासायला घ्यावेत आणि घरात चकलीची भाजणी दळून यावी, हा योग दरवर्षी चुकत नाही. एका हातात तांबडी पेन्सिल आणि नाकात भाजणीचा वास, अशा अवस्थेत मी गेली वीस वर्षे इतिहासाला गुण देत आलो आहे. त्यातला एक प्रश्न ठरलेला : लोकमान्य टिळकांना १८९७ साली शिक्षा का झाली? उत्तरही ठरलेले : ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा जहाल अग्रलेख लिहिला म्हणून. मी दोनांपैकी दोन गुण देतो आणि पुढचा पेपर ओढतो.

यंदा मात्र मागच्या बाकावरच्या एका मुलाने वर्गात हात वर केला. “सर, त्या लेखात होतं काय?”

मी म्हणालो, “सरकारवर कडक टीका होती.”

“ती कळली, सर. पण काय होतं?”

तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. घंटेचे इतके उपकार मला विद्यार्थिदशेतही कधी वाटले नव्हते! खरी गोष्ट अशी की, मी तो मथळा शेकडो वेळा फळ्यावर लिहिला होता, पण लेख एकदाही वाचला नव्हता. त्याच संध्याकाळी गावच्या वाचनालयातून ‘केसरी’तील लेखांचे जुने खंड काढून बसलो.

तो मथळा आपल्याला इतका का आवडतो, हे सांगायला पंडित नको. चहात साखरेऐवजी मीठ पडले की प्रत्येक मराठी आई हाच प्रश्न विचारते. माजघरातले ते वाक्य टिळकांनी उचलले आणि साक्षात राणीच्या सरकारला विचारले. तेही केव्हा? पुण्यात प्लेगने घरेच्या घरे ओस पडली होती. घरोघरच्या झडत्यांनी लोक गांजले होते. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आटोपून परतणाऱ्या रँडवर गणेशखिंडीत गोळी झाडली गेली. अपराधी सापडेना, म्हणून सरकार साऱ्या शहरावरच डोळे वटारू लागले. त्या वेळी, ६ जुलैच्या अंकात हा प्रश्न छापला गेला. खुनाचा निषेध जरूर करावा, पण एकाच्या अपराधासाठी अख्ख्या पुण्याला दंडावे हा कुठला न्याय, असा त्याचा रोख. पुढच्याच मंगळवारी दुसरा मथळा आला : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’.

२७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक झाली. आमच्या पेपरातले उत्तर इथवर बरोबर चालते आणि इथेच घसरते. कारण खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकातील मजकुरावर, म्हणजे रँडवर गोळी सुटण्याच्या आठवडाभर आधी छापलेल्या मजकुरावर! शिवराज्याभिषेकाच्या उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता, एवढाच तो ऐवज. न्यायमूर्ती स्ट्रेची यांनी राजद्रोहाचा अर्थ लावला तोही ऐकण्यासारखा : सरकारविषयी अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव! या हिशेबाने परीक्षेच्या दिवसांत आमची सगळी शाळा गजाआड जाईल. ज्यूरीतले सहा युरोपियन ‘दोषी’ म्हणाले, तीन हिंदी ‘निर्दोष’ म्हणाले, आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

पुढची गंमत याहून कडू आहे. १९०८ साली मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि दोन इंग्रज स्त्रिया हकनाक मेल्या. त्यावर ‘केसरी’त जे लेख आले, त्यांतील दोन लेखांवर पुन्हा खटला झाला. त्यांचे मथळे पाहा : ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. एखाद्या कीर्तनकाराने किंवा वैद्यबुवांनी म्हणावे, इतके सौम्य! पण आत सरळ सांगितले होते की, बॉम्बचे मूळ सरकारच्या जुलमी कारभारात आहे आणि नुसत्या दडपशाहीने ते उपटणार नाही. या सौम्य मथळ्यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची सजा आणली, जी पुढे मंडालेच्या तुरुंगात भोगावी लागली. सजा सुनावली न्यायमूर्ती दावर यांनी. हेच दावर १८९७ साली वकील असताना टिळकांना जामीन मिळवून देण्यासाठी उभे होते.

म्हणजे ज्या मथळ्याने महाराष्ट्र गाजला, त्यावर खटला उभा राहिला नाही. आणि ज्यांच्यापायी सहा वर्षे गेली, ते मथळे आज कुणाच्या ओठांवर नाहीत. सरकारने लेख वाचले आणि आपण मथळे पाठ केले. राग येईल, पण या बाबतीत ते परके सरकार आपल्यापेक्षा बरे वाचक निघाले.

मथळ्यांचा वारसा आपण चालवला नाही, असे मात्र नाही. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवर टिळकांनी ‘उजाडले पण सूर्य कोठे आहे?’ असे विचारले होते. आमच्या शिक्षकांच्या खोलीत पगारवाढीची प्रत्येक घोषणा झाली की हेच वाक्य म्हटले जाते. आजची वर्तमानपत्रे तर प्रश्नचिन्हांनी भरलेली असतात. पण त्या जुन्या प्रश्नचिन्हाखाली दोन रकाने युक्तिवाद असे आणि लिहिणाऱ्याची तुरुंगात जायची तयारी असे. मथळा हे दार होते. आपण दाराचीच पूजा केली आणि घरात पाऊल टाकले नाही.

परवा पेपर तपासताना तेच ठरलेले उत्तर पुन्हा समोर आले. पेन्सिल थबकली. मुलाने लिहिले ते मीच शिकवलेले होते, तेव्हा त्याचे गुण कापायचे कोणत्या तोंडाने? शेवटी दोन गुण दिले आणि समासात लिहिले : ‘उत्तर चूक आहे. चूक शिक्षकाची. सुट्टीनंतर लेख वर्गात वाचू.’

ही पेपर पाहायला डोकावली. चुकीच्या उत्तराला पूर्ण गुण दिलेले पाहून म्हणाली, “अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?”

मी म्हटले, “वीस वर्षांनी आत्ता कुठे आले आहे.”