रौलट समिती : पाच नावांची निवड

हिंदुस्थान सरकारने १० डिसेंबर १९१७ च्या ठरावाने एक समिती नेमली. क्रांतिकारी कटांचे स्वरूप व व्याप्ती तपासणे, त्यांचा बंदोबस्त करताना आलेल्या अडचणी पाहणे आणि लागल्यास कोणता कायदा करावा याचा सल्ला देणे, हे तिचे काम. अशा प्रश्नांच्या तपासणीसाठी समितीत न्यायाधीशांचे वजन हवे, असे सरकारचे म्हणणे होते.

अध्यक्ष म्हणून इंग्लंडच्या किंग्ज बेंचचे न्यायमूर्ती सिडनी रौलट आले. सभासद चार : मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर बेझिल स्कॉट, मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश कुमारस्वामी शास्त्री, संयुक्त प्रांताच्या महसूल मंडळातले सर व्हर्नी लव्हेट आणि बंगाल कायदे कौन्सिलचे सभासद, वकील प्रभासचंद्र मित्तर. पाचांत तीन न्यायाधीश, दोन हिंदी गृहस्थ. वरकरणी यादी तोलून केलेली दिसते.

मराठी वाचकाने मात्र स्कॉट यांच्या नावापाशी थांबायला हवे. १९१० साली नाशिक कटाचा खटला तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनापुढे, ज्यूरीशिवाय चालला. सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा देणाऱ्या त्या न्यायासनाचे प्रमुख स्कॉट होते, सोबत न्या. चंदावरकर व न्या. हीटन. आठ वर्षांनी रौलट अहवालाचे पहिलेच प्रकरण मुंबई इलाख्यावर आले. गणेशोत्सव, शिवाजी उत्सव, रँडचा खून आणि नाशिकचा कट हे सारे त्यात आहे. ज्या खटल्याचा निकाल स्वतः दिला, त्याच खटल्याचा इतिहास आता स्कॉट यांच्या सहीने सल्ल्याचा आधार झाला. अशा गुन्ह्यांसाठी समितीने सुचवलेली पद्धतही ओळखीचीच होती : तीन वरिष्ठ न्यायाधीश, ज्यूरी नाही, अपील नाही. स्कॉट यांच्या सचोटीवर संशय घ्यायला यात आधार नाही. पण त्या पद्धतीने शिक्षा भोगणाऱ्यांच्या बाजूने ती तपासणारा एकही सभासद नेमलेला नव्हता, हे यादीवरूनच सिद्ध होते.

पुराव्याचेही तसेच. कामकाज बंद दाराआड चालले. प्रांतिक सरकारांनी निवेदने पाठवली आणि बहुतेक ठिकाणी त्यांच्याच अधिकाऱ्यांनी येऊन साक्षी दिल्या. बिनसरकारी माणसांना बोलावले ते बंगाल आणि पंजाबपुरते. मुंबईचे प्रकरण एवढे सविस्तर, पण त्यासाठी इथल्या बिनसरकारी माणसाला निमंत्रण गेले नाही. १५ एप्रिल १९१८ ला अहवाल सादर झाला.

त्याच वर्षी बंगालमधल्या स्थानबद्धांची प्रकरणे तपासायला न्या. बीचक्रॉफ्ट यांच्यासह सर नारायण चंदावरकर नेमले गेले. १९०० सालच्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष, प्रार्थना समाजाचे धुरीण. त्यांच्या नावाला लोकांत मान होता. ८०६ प्रकरणांपैकी फक्त ६ जणांना सोडण्याची शिफारस झाली. नाशिक न्यायासनावरचे तिघांतले दोघे अशा रीतीने १९१८ मध्ये सरकारचे सल्लागार होते.

मार्च १९१९ मध्ये कायदे कौन्सिलात हिंदी बिनसरकारी सभासदांचा विरोध डावलून रौलट कायदा मंजूर झाला. जिना, मालवीय आणि मजहरुल हक यांनी सभासदत्व सोडले. ६ एप्रिलला देशभर हरताळ पडला. १३ तारखेला जालियनवाला बाग घडले.

१९२१ मध्ये दडपशाहीचे कायदे तपासण्यासाठी दुसरी समिती बसली. अध्यक्ष तेजबहादूर सप्रू, सभासदांत शिवस्वामी अय्यर यांच्यासारखे कायदेमंडळातले हिंदी लोक. तिने रौलट कायदा रद्द करावा असे सांगितले आणि १९२२ मध्ये तो रद्द झाला. फरक केवळ नावांचा नव्हता, हे मान्य करायला हवे : महायुद्ध संपले होते, नवी कायदेमंडळे आली होती, पंजाबचे रक्त सांडले होते. तरीही दुसऱ्या वेळी सल्ला देणारे लोकांना तोंड देणारे होते, आणि ते महत्त्वाचे ठरले.

न्यायाधीश घेतले म्हणजे समिती निःपक्षपाती होत नाही. ज्यांच्या स्वातंत्र्यावर तिच्या सल्ल्याने घाला येणार, त्यांचे म्हणणे जाणणारा माणूस आत हवा. आणि ज्याने स्वतः ती पद्धत राबवली, त्याने साक्षीदार म्हणून यावे, परीक्षक म्हणून नव्हे. १९१७ च्या ठरावात ही दक्षता नव्हती. तिची किंमत देशाने मोजली.