सन, सण आणि समान

वऱ्हाडात 'ण' फारसा ऐकू येत नाही. पाण्याला पानी, लोण्याला लोनी. उर्दू लिपीत तर 'ण'साठी वेगळे अक्षरच नाही. म्हणून आमच्या जळगाव जामोदला उर्दू माध्यमाची मुले 'सण' आणि 'सन' एकाच तोंडाने म्हणतात आणि लिहितानाही गोंधळतात. मराठी शाळेतल्या मुलांचे बोलणेही तसेच असते, पण नाव आमच्या मुलांचे होते! या दोन शब्दांची घरे मात्र वेगळी. सण संस्कृत 'क्षण'वरून आला. सन अरबी, अर्थ वर्ष.

हा अरबी सन मराठी दप्तरात किती खोल रुजला होता, याची जाण आज आपल्यालाही उरलेली नाही. शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकापासून स्वतःचा शक सुरू केला. रघुनाथपंतांकडून 'राजव्यवहारकोश' करवून घेतला आणि कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरी पुढे पेशवाईतल्या पत्रांवर शुहूर सन राहिलाच. मृग लागला की हे साल पालटे, म्हणजे शेतकऱ्याच्या सोयीचे. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहीत, आणि एकम आधी. शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास जानेवारी १७०८ मध्ये झाला. त्या सालाचे लेखन असे: 'सन समान मया व अलफ'.

नुसती मराठी जाणणारा इथे अडकतो. 'समान' म्हणजे सारखे, 'मया' म्हणजे जीव लावणे, असेच त्याला वाटणार. पण इथे समान म्हणजे आठ, मया शंभर, अलफ हजार. बेरीज ११०८, त्यात ६०० मिळवले की १७०८. (मृगापासून डिसेंबरपर्यंतची तारीख असेल तर ५९९ मिळवायचे.) नुसती उर्दू जाणणाऱ्याचीही सुटका नाही. सातासाठी लिहिलेला 'सबा' पाहून त्याला पहाटेचा वारा आठवेल. वाऱ्याचा सबा 'स्वाद'ने लिहितात, साताचा 'सीन'ने, आणि त्यात 'ऐन'ही असतो. मोडीत काय, बाळबोधीत काय, हा फरक पुसला जातो. ही कागदपत्रे वाचायला दोन्ही भाषा घरच्या असलेला माणूस हवा. तो आपल्यात आहे. मोडी शिकायला मात्र आपली मुले फारशी जात नाहीत, हे मला खटकते.

त्या ओळीतले समान, मया, अलफ गेले, 'व' राहिला. 'आई व वडील' म्हणताना आपण अरबी-फारसीतला 'वाव'च वापरतो. उर्दूत 'शब-ओ-रोज'मध्ये रात्र आणि दिवस जोडणारा तोच. त्याला नुसता काना दिला की संस्कृतातला 'वा' होतो, 'किंवा'मधला. खरेदीखतात दोन भावांच्या नावांमध्ये 'व' असला तर जमीन दोघांची. 'वा' पडला तर कोर्टाची पायरी. या खरेदीखतातल्या 'खत'चेही शेतात टाकायच्या खताशी नाते नाही. तो अरबी 'खत', म्हणजे लिखाण. उर्दूत आपण पत्राला म्हणतो तोच.